सात नंबरचं बोट

गोदामाच्या लोखंडी दाराला बाहेरून दोन कड्या होत्या. त्या उघडण्याचा आवाज उत्तमरावांना रोज सकाळी साडेआठला, दाढीचा साबण गालावर असतानाच ऐकू येई. आधी वरची कडी, मग खालची, आणि शेवटी कुलूप खिळ्याला अडकवल्याचा बारीकसा ठण. त्या आवाजावर ते आपलं घड्याळ लावीत. सात वर्षांत तो आवाज एकदाही पाच मिनिटांनी पुढंमागं झाला नव्हता, कारण चावी मनकर्णेकडे होती.

मनकर्णा ही गावातली विधवा. नवरा गेला तेव्हा पोरगी दिपाली सहा वर्षांची होती. वसमत तालुक्यातल्या त्या गावात हळद उत्पादकांचा एक संघ होता, त्याच्या गोदामात अकरा बाया कामाला असत. शिजवून वाळवलेली हळद फिरत्या लोखंडी ढोलात घोळून आली, की लांब कांडी एकीकडं आणि गोल गट्टू दुसरीकडं, असं निवडायचं काम. चावी कुणाकडं द्यायची हा प्रश्न आला, तेव्हा चेअरमन बालाजीरावांनी स्वतः म्हटलं होतं, "मनकर्णेकडं द्या. तिच्या कमरंला बांधली म्हंजी तिजोरीत ठिवल्यावानी हाय." मनकर्णेनं ती काळ्या गोफात ओवली आणि कमरेला बांधली. तिच्या कपाळावर काही उरलं नव्हतं, पण कमरेला गावाचा विश्वास होता.

उत्तमराव नांदेडच्या तंत्रनिकेतनात शिकलेले. एकतीस वर्षं साखर कारखान्यात यंत्रांवर देखरेख करून निवृत्त झाले आणि गावी येऊन संघाचा बॉयलर, ढोल, वजनकाटे पाहू लागले. प्रत्येक यंत्राची त्यांच्याकडे वेगळी वही असे. ग्रीस कधी घातलं, पट्टा कधी बदलला, सगळं तारीखवार. कॉलेजातल्या एका मास्तरांनी त्यांना शिकवलं होतं, की तपासल्याशिवाय बोलायचं नाही. त्या एका वाक्यावर त्यांनी आयुष्य काढलं आणि गावानंही ते मानलं. "उत्तमकाका म्हनले म्हंजी बराबर," असं लोक म्हणत.

दोन हजार सात साली बालाजीरावांनी औरंगाबादच्या एका प्रदर्शनात बोटानं उघडणारं कुलूप पाहिलं आणि ते भारावून आले. चावी हरवते, चावीची नक्कल होते, बोटाची होत नाही, असं त्यांना तिथं सांगण्यात आलं होतं. उत्तमरावांनी चाळीस पानांचं इंग्रजी माहितीपुस्तक दोन रात्री बसून वाचलं आणि होकार दिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेबरोबरच ते दाराशेजारी बसवलं गेलं.

त्या दिवशी मनकर्णेनं गोफ सोडून चावी त्यांच्या हातात दिली. "घ्या काका. आता तरी झोप लागंल मला," ती हसून म्हणाली. पण पुढं कित्येक दिवस काम करता करता तिचा हात कमरेकडं जाई आणि रिकामा परत येई. उत्तमरावांनी ते पाहिलं होतं.

पूजेला सगळ्या बाया नव्या लुगड्यांत आल्या होत्या. बालाजीरावांची आई सोजराबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं होती. कंपनीचा माणूस एकेकीचं बोट काचेवर ठेवून घेत होता. हिरवा दिवा लागे, टुईं असा आवाज होई, बाया तोंडाला पदर लावून हसत.

मिराबाई ही त्यांतली वयानं मोठी आणि तोंडानं फटकळ. तिचा नंबर आला तेव्हा तिनं अंगठा मुठीत धरून ठेवला. "काका, हे बोट घिऊन काय करतंय? कुठं ठिवतंय?"

"तुला काय करायचंय मिराबाई? बोट लाव, दार उघडेल."

"तसं न्हाई. आमच्या अंगठ्यानं आजवर जिमिनी गेल्या, म्हनून इचारून राहिले."

सगळे हसले. उत्तमरावही हसले. समजावून सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण त्या चाळीस पानांतलं या बायांना काय कळणार, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "एवढंच ध्यानात ठेवा. मशीन खोटं बोलत नाही."

मिराबाईनं अंगठा लावला. तिच्या मागं शिवकन्या होती, आणि तिच्याही मागं मनकर्णा. शिवकन्या ही मनकर्णेची धाकटी जाऊ, दीर हनुमानची बायको. मनकर्णा दोन पावलं पुढं सरकली, तशी सोजराबाईनं ताट आडवं धरलं.

"मनकर्णे, तू जरा तिकडं ढोलाकडं हो माय. पयल्या दिशी पांढरं कपाळ नगं."

"व्हते की," मनकर्णा म्हणाली. "म्या काय तुमच्या मशीनला चावून राहिले का?" आणि ती खरोखरच ढोलाच्या पलीकडं, शेडच्या मागं जाऊन उभी राहिली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नात, बारशात, नव्या बैलाच्या पूजेत ती अशीच मागं सरायची. तिलाही सवय झाली होती आणि गावालाही.

कंपनीच्या माणसाला नांदेडची शेवटची बस गाठायची होती. "सर, अकरा नावं दिलीत, अकरा बोटं द्या. सात नंबर रिकामा राहतोय. मी एकदा गेलो की नवं बोट घालता येणार नाही. पासवर्ड कंपनीकडं असतो."

उत्तमरावांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं. सोजराबाई ताट घेऊन उभीच होती. तिच्याशी सणाच्या दिवशी वाद कोण घालणार?

"शिवकन्ये, तुझा डावा अंगठा दे. मनकर्णेच्या नावावर. नंतर बदलून घेऊ."

शिवकन्येनं एकवार शेडकडं पाहिलं आणि डावा अंगठा दिला. हिरवा दिवा लागला. छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: ७ मनकर्णा.

"माझं झालं का काका?" शेडमागून मनकर्णेनं विचारलं.

"झालं. नाव लागलं तुझं."

त्याच संध्याकाळी उत्तमरावांनी नव्या यंत्राची नवी वही घातली आणि पहिल्या पानावर लिहिलं: नंबर सात, बोट बदलून घेणे. त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढं दोनदा त्यांनी कंपनीला फोन केला. कंपनीनं येण्याजाण्याचा आकार सांगितला. "चालून राहिलं ना समदं? मंग?" बालाजीराव म्हणाले. आणि चालत होतंच. रोज सकाळी शिवकन्या उजवा अंगठा स्वतःसाठी लावी आणि डावा जावेसाठी. मनकर्णेला वाटे, आपला हात मशीनला चालत नाही म्हणून ही लावते, आपलं नाव तर आत आहेच. इतर बायांनाही तसंच वाटे. बोटाची खूण म्हणजे नेमकं काय, ती कुणाची कुठं साठते, आणि दार उघडल्यावर यंत्र आपल्यामागं काय टिपून ठेवतं, हे त्या अकरा जणींना कुणी सांगितलंच नव्हतं.

उत्तमरावांखेरीज गावात ते फक्त एकाला कळलं होतं. हनुमानला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निवडक हळदीची सहा पोती कमी भरली. कुलूप फुटलं नव्हतं, पत्रा उचकटला नव्हता. बालाजीरावांनी उत्तमरावांना संघाच्या संगणकावरून यंत्राची नोंद काढायला लावली आणि छापलेला कागद प्रिंटरमधून पुरता बाहेर यायच्या आतच ओढून घेतला. गोदामासमोर पन्नासएक माणसं जमली होती. बालाजीरावांनी मोठ्यानं वाचलं.

"रविवार, नऊ मार्च. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. दार उघडलं. नंबर सात. मनकर्णा."

मग गर्दीतून एक आवाज आला, "मशीन खोटं बोलत न्हाई." तो कुणाचा होता ते उत्तमरावांना कळलं नाही. शब्द मात्र त्यांचेच होते.

"रैवारी म्या बाजाराला गेलते," मनकर्णा म्हणाली. "दिपाली व्हती माझ्यासंगं."

"लेकीची साक्ष?" बालाजीराव म्हणाले. "सात वर्सं तुझ्या कमरंला चावी दिली आमी, मनकर्णे."

मनकर्णेचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती पुढं आली. "दादा, मशीन खरं बोलतंय म्हनता न्हवं? मंग मला लावू द्या बोट. आजवर म्या हात लावला न्हाई त्याला. समद्याइच्या म्होरं लावते. ते सांगंल म्या कोन हाय ते."

कुणी अडवायच्या आत तिनं काचेवर अंगठा ठेवला.

लाल दिवा.

तिनं अंगठा पदराला पुसला. पुन्हा लाल. डावा लावला. लाल. मग एकेक करून दहाही बोटं. हळदीनं पिवळी झालेली, कांड्या चोळून चोळून गुळगुळीत झालेली ती बोटं काचेवर टेकत होती, आणि दर खेपेला तोच दिवा लागत होता.

"बघा," मागून हनुमान म्हणाला. "मशीन सुदिक हिला वळखंना. हातालाच पाप लागलंय."

वास्तविक तो लाल दिवाच तिची साक्ष होता. जिच्या एकाही बोटानं दार उघडत नाही, तिनं रविवारी ते उघडलं कसं? एवढा साधा हिशेब; पण यंत्र काय सांगतंय हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना त्या लाल रंगात शिक्षाच दिसली. रोज तिच्या नावानं शिवकन्या अंगठा लावते, हेही त्या घडीला कुणाला जोडता आलं नाही.

मनकर्णा वळली. "काका, हे काहून लाल होऊन राहिलंय? माझं नाव लागलं म्हनले व्हते तुमी."

सगळी गर्दी उत्तमरावांकडं पाहू लागली. शिवकन्या मिराबाईच्या आड उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. उत्तमरावांना सगळं कळलं होतं. बोलायला चार वाक्यं पुरली असती. पण त्यांतलं पहिलं वाक्य 'माझी चूक झाली' असं होतं आणि दुसऱ्यानं एका सवाष्ण बाईवर चोरीचा आळ येत होता. यंत्रात काय साठवलं आहे हे कंपनीनं उघडून दाखवल्याशिवाय आपल्या हातात पुरावा काय? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तपासून सांगतो," ते म्हणाले.

मनकर्णेनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. चावी परत देतानासुद्धा ती हसली होती. आता हसली नाही.

बालाजीरावांनी आठ दिवसांची मुदत दिली. तोवर गोदामात पाऊल टाकायचं नाही. नंतर पोलिसात नाव. उत्तमरावांनी त्याच दिवशी कंपनीला फोन केला, शिवाय तारखांसह मुद्देसूद पत्र पाठवलं. माणूस पुढच्या मंगळवारी येणार होता. त्यांनी वहीत तशी नोंद केली.

चौथ्या दिवशी मिराबाई त्यांच्या ओट्यापाशी थांबली. आत आली नाही.

"काका, मनकर्णीनं हात घासून घासून सोलून घेतलेत. शेळ्याच्या कुडापाशी विटकर घिऊन बसती. म्हनती, हळदीचा थर बसलाय बोटावर, म्हनून मशीनला दिसंना. थर गेला की हिरवा दिवा लागंल. रगत निघून राहिलंय तरी आयकंना. तुमी तरी सांगा तिला."

"मंगळवारी माणूस येतोय," उत्तमराव म्हणाले.

"मंगळवार लई लांब हाय, काका."

ती गेल्यावर ते उठले. वहाणा पायात घातल्या, अंगणाच्या फाटकापर्यंत गेले. जाऊन काय सांगायचं? अर्धवट सांगितलं तर ती गावभर बोलेल; मग शिवकन्या, मग हनुमान, मग मारामारी. तीनच दिवस उरले होते. पुरावा हातात घेऊनच जावं. त्यांनी वहाणा काढून ठेवल्या. बायको चंद्रभागाबाई चुलीपुढून पाहत होती. "जायचं व्हतं," ती एवढंच म्हणाली.

मंगळवारी सकाळी कंपनीचा माणूस आला. त्यानं पासवर्ड घातला, दोनचार कळा दाबल्या. "सात नंबरवर डावा अंगठा आहे. खंडेनवमी, पाच वाजून वीस मिनिटं. तुम्हीच तर दिलात, सर, दुसऱ्या बाईंचा." त्यानं नवलानं मान वर केली. "हे तुम्ही स्वतःच सांगू शकला असता. मी कशाला हवा होतो?"

तेवढ्यात दिपाली पळत आली. शाळेचा झगा, पायात काही नाही. "आज्या, माय तोंड उघडंना. पानी पाजलं तर भाईर येऊन राहिलं. पाठ वाकडी व्हाया लागली."

वारंगा फाट्याला जाणारी एक जीप मोकळी मिळाली, तीच नांदेडकडं वळवली. मनकर्णा मागच्या बाकावर आडवी होती, दोन्ही हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या. धनुर्वात हा शब्द दवाखान्यात कळायचा होता, पण तिचे घट्ट मिटलेले दात पाहून उत्तमरावांना तो आधीच कळला. रस्ताभर ते तिच्या कानाशी वाकून बोलत राहिले. सगळं सांगितलं. तुझं बोट त्या यंत्रात कधी घेतलंच नव्हतं. थर नव्हता, पाप नव्हतं. तुझा हात चांगला होता. मी घाई केली, मी गप्प बसलो.

तिनं डोळे उघडले, त्यांच्याकडं पाहिलं आणि मान जीपच्या कापडाकडं फिरवली. ती दुखण्याच्या झटक्यानं आपसूक फिरली, की त्यांचं ऐकून तिनं फिरवली, हे उत्तमरावांना आजवर तपासता आलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बालाजीरावांनी उत्तमरावांना बोलावून घेतलं. "झालं ते झालं. तिचं नाव नोंदीतून काढून टाकू. चोरीचं कुनी बोलनार न्हाई. तुमी बी कशाला सोताचं नाव खराब करता?"

"नाव माझं खराबच आहे," उत्तमराव म्हणाले. "लोकांना अजून ठाऊक नाही, एवढंच."

त्यांनी चुन्याची बादली आणि काव घेतली. गोदामाची दर्शनी भिंत पांढरी केली आणि ती वाळल्यावर वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहायला बसले. कामाची सुटी होईपर्यंत लिहीत होते. मग त्यांनी बायांना थांबवलं. उरलेल्या दहापैकी नऊ जणींना वाचता येत नव्हतं. आजवर त्यांच्यासाठी असं काही लिहिण्याची वेळच कुणावर आली नव्हती.

"दिपाली, वाच."

पोरगी भिंतीपुढं उभी राहिली. शाळेत धडा वाचावा तशा कोरड्या, सरळ आवाजात तिनं वाचलं.

"हे यंत्र तुमचं मन ओळखत नाही, पापपुण्य ओळखत नाही. ज्या बोटाची खूण आधी घेतली, तेवढंच बोट ओळखतं. खूण घेणाऱ्यानं चूक केली, तर यंत्र तीच चूक खरी म्हणून सांगतं. दार केव्हा आणि कोणत्या नंबरानं उघडलं हे ते लिहून ठेवतं. ती नोंद पाहण्याचा प्रत्येकीला हक्क आहे. बोट घासल्यानं, कामानं झिजल्यानं लाल दिवा लागू शकतो. लाल दिवा म्हणजे गुन्हा नव्हे. सात नंबरवर मनकर्णेचं बोट कधीच घेतलं नव्हतं. विधवेचा हात नको म्हणून तिला मागं सारलं, आणि तिच्या नावावर दुसरीचं बोट घेतलं. ही चूक उत्तमराव..."

इथं तिचा आवाज थांबला. पण तिनं ती ओळ पुन्हा धरली आणि पुरती वाचली. "...ही चूक उत्तमराव यांची. ती त्यांना ठाऊक असूनही ते आठ दिवस गप्प बसले."

सोजराबाई मागच्या बाजूला उभी होती. तिनं पदर पुढं ओढला.

तेव्हा शिवकन्या बायांच्या घोळक्यातून बाहेर आली. हनुमान तिथंच होता. "ये, कुठं चालली? घरी चल," तो गुरकावला. तिनं ऐकलं नाही. दाराशी जाऊन तिनं डावा अंगठा काचेवर ठेवला.

हिरवा दिवा लागला. टुईं असा आवाज झाला आणि खटका उघडला. पडद्यावर अक्षरं आली. वाचता येणाऱ्यांनी ती वाचली, न येणाऱ्यांनी वाचणाऱ्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

७ मनकर्णा.

"ह्यानं उघडाया लावलं मला," शिवकन्या म्हणाली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. "म्हनला, डावा लाव, तुझं नाव येत न्हाई. न्हाई म्हनले तर मारलं. अन् आक्का शेजारच्या कुडापाशी बसून बोटं घासायची, तवा म्या आतून बघत व्हते." तिनं अंगठा काचेवरून काढला नाही. ती तिथंच खाली बसली.

पुढं हनुमानला पोलिसांनी नेलं, पोती परभणीच्या एका व्यापाऱ्याकडं सापडली. दिपालीला चंद्रभागाबाईनं घरी आणलं. ती शाळेत जाते, उत्तमरावांशी कामापुरतं बोलते. गोदामावर पुन्हा चावी आली आणि ती बायांनी मिराबाईकडं दिली. यातलं काहीही त्या घासलेल्या दहा बोटांच्या बदल्यात ठेवण्याजोगं नाही, हे उत्तमरावांइतकं कुणाला कळत नाही.

आता जिल्ह्यात जिथं जिथं असं यंत्र बसतं, तिथं ते बोलावणं नसतानाही जातात. सोबत एक पाटी, खडू आणि ती जुनी वही. पुढच्या वर्षी सेनगावकडच्या एका गावात दूध संघाच्या दारावर तसंच कुलूप बसत होतं. हार, नारळ, ताट, सगळं तसंच. रांगेपासून दहा पावलांवर, भिंतीला टेकून अनुसयाबाई नावाची एक विधवा उभी होती. तिचं नाव यादीत होतं, पाऊल मागं होतं.

उत्तमरावांनी रांग थांबवली. "आधी त्यांचं बोट. आणि बोट लावायच्या आधी, बाई, तुम्हाला काय विचारायचं असेल ते विचारा. मला उत्तर देता आलं नाही, तर हे यंत्र बसणार नाही."

अनुसयाबाईनं ताटाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. भिंत सोडून ती रांगेपाशी आली. मग हळूच म्हणाली, "लाल लागलं, तर चूक कुनाची म्हनायची?"

उत्तमरावांनी वही उघडली. पहिल्या पानावर दोन रेघा ओढलेली ओळ अजून तशीच होती.

"आधी माझी," ते म्हणाले. "मग यंत्राची. तुमची सगळ्यात शेवटी, आणि तीही तपासल्यावाचून नाही."

तिनं हात पुढं केला.